आजोबांची जावा : एका जुन्या यंत्राचे वाचन

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मोटारसायकलच्या दुरुस्तीवर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. संपादक मंडळातील एका मित्राने तर "अरे, हा लेख आय.टी.आय.च्या अंकाला दे" असे सुचविलेही. पण मी इतिहास विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकतो आहे, आणि गोठ्यातल्या एका गाडीपाशी सहा-सात महिने बसून जे शिकलो ते वर्गात शिकविल्या जाणाऱ्या गोष्टींपासून फारसे दूर नव्हते. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी धूळ खात पडली आहे, त्यांना याचा प्रत्यक्ष उपयोगही व्हावा.

हकीकत अशी की, २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत आमच्या मालेगाव तालुक्यातील घरी गोठा साफ करावयास काढला. तुराट्यांच्या पेंढ्या हलविल्या तेव्हा त्यामागे आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, जावा मोटारसायकल उभी होती. ती १९७१ सालची. २०१४ पर्यंत आबाजी ती चालवीत. पुढे नजर अधू झाली, गाडी गोठ्यात गेली, आणि २०१८ साली आबाजीही गेले. दारात भंगारवाला उभाच होता. मोठे बाबा म्हणाले, "काहाले ठेवतं हे लोखंड? तो नगदी पैसे देते." मी म्हणालो, "मोठे बाबा, मले अक्षय तृतीयेपर्यंत द्या. नाही चालू झाली तर खुशाल इका." आजी ओसरीवरून एवढेच बोलली, "त्याच्या बापाले ताप भरला होता तवा याच गाडीवर वाशीमले नेलं होतं. पोराले पाहू द्या." मोठे बाबा आजीपुढे फार बोलत नाहीत. मुदत मिळाली.

गाडीचा पूर्वेतिहास

जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियातले. फ्रान्टिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वान्डरर कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हा शब्द केला. जावा बेटाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे फारोख इराणी यांनी १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून तीच गाडी 'येझदी' या नावाने विकली जाऊ लागली. म्हणजे आमची गाडी जुन्या नावाच्या अखेरच्या काळातली.

१९८४-८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सी.सी.च्या हलक्या गाड्या आल्या. त्यांना पेट्रोल कमी लागे. त्यांतल्या एका गाडीची जाहिरातच अशा अर्थाची होती की, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. जावाला विसरून चालत नसे. तिच्या पेट्रोलमध्ये दरवेळी ऑइल मिसळावे लागे, प्लग पुसावा लागे, पॉईंट साफ करावे लागत. धूर तर ती करीतच असे. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ पासून हे नाव एका नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले आहे, परंतु त्या गाड्यांची इंजिने अगदी वेगळी आहेत आणि त्यांचे भाग आमच्या गाडीस चालत नाहीत.

आधी वाचावे, मग हात लावावा

माझा पहिला विचार असा होता की, तारेचा ब्रश घेऊन सगळा गंज खरवडून काढावा आणि रंग मारावा. सुदैवाने त्याआधी मी तालुक्याच्या गावातील एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी विचारले, "नंबर वाचला काय?" मला वाटले ते पाटीवरचा नंबर विचारताहेत. ते म्हणाले, "तो नाही बेटा. इंजनवरचा अन् चेसिसवरचा. तो घासून गेला तर तुही गाडी फक्त भंगार हाये."

आमच्या वाशीमला १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी तो वाचला तेव्हा वत्सगुल्मच्या, म्हणजे आपल्या वाशीमच्या, राजशाखेचा उलगडा झाला. तो पत्रा ज्याच्या हाती आला त्याने चकाकी आणण्यासाठी तो घासला असता तर काय झाले असते? आमच्या गाडीच्या हँडलच्या मानेजवळ रंगाचे तीन थर होते. जुने कापड रॉकेलमध्ये बुडवून आणि बोटांनी चोळून दोन संध्याकाळी मी ते थर मऊ केले, तेव्हा आकडे दिसू लागले. आर.सी. बुकातल्या आकड्यांशी ते ताडून पाहिले. जुळले. त्यांचा फोटो काढून ठेवला.

यावरून एक नियम मी स्वतःस घालून घेतला : कोणताही भाग काढण्यापूर्वी तो आहे तसा पाहावयाचा, फोटो काढावयाचा, आणि काढल्यावर त्याचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर चिठ्ठी लावावयाची. नवशिक्याला उघडणे जमते, अडते ते जोडताना.

जाम झालेले इंजिन

जावाचे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक जातीचे आहे. सिलिंडरचा व्यास ६५ मि.मी. आणि पिस्टनची दौड ७५ मि.मी. शाळेतले सूत्र वापरून गुणाकार केला तर सुमारे २४९ घन सेंटिमीटर येतात. म्हणूनच तिला अडीचशेची गाडी म्हणतात. या इंजिनात झडपा नसतात. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बंद कप्प्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, हवा-पेट्रोलचे मिश्रण ओढले जाते. खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढते आणि जळालेला वायू पुढच्या बाजूने बाहेर ढकलते. सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे पिस्टनच स्वतः उघडतो आणि झाकतो. जावाला एक सिलिंडर असूनही सायलेन्सर दोन आहेत, कारण धूर बाहेर जाण्याची छिद्रेच दोन आहेत.

क्रँककेसमधून मिश्रण जात असल्याने तेथे वंगणासाठी वेगळे तेल ठेवता येत नाही. जे काही वंगण मिळावयाचे ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. आमच्या गाडीस पाच लिटर पेट्रोलला २०० मि.लि. ऑइल, म्हणजे पंचवीसास एक, असे प्रमाण धरले. हे प्रमाण लक्षात ठेवावे. पुढे त्यानेच मला धडा शिकविला.

दहा वर्षे उभी असल्याने आमची किक हलतच नव्हती. अशा वेळी किकवर उभे राहून जोर लावू नये. प्लग काढून त्या भोकातून मी डिझेल आणि रॉकेल समभाग ओतले आणि आठ दिवस तसेच राहू दिले. मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने पुढेमागे हळूहळू डोलविले. नवव्या दिवशी बोटभर हलले, दहाव्या दिवशी पूर्ण फिरले. मोठे बाबा बैलांना चारा टाकीत होते. काही न बोलता जवळ आले आणि त्यांनीही एकदा चाक फिरवून पाहिले.

टाकीच्या आत गंज होता. ती प्रथम साबणाने चांगली धुऊन पेट्रोलची वाफ घालविली. नंतर पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून टाकी भरली, मध्ये साध्या लोखंडाची सळई टाकीस न लागेल अशी टांगली, आणि बॅटरी चार्जरची धन तार सळईस व ऋण तार टाकीस जोडली. दोन दिवसांत गंज सुटून आला. हे काम उघड्यावरच करावे, कारण त्यात हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी नको. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये. तिच्यातून विषारी द्रव्य पाण्यात उतरते.

ठिणगी आणि तिची वेळ

गाडी ट्यून करणे म्हणजे कार्बोरेटरचे स्क्रू फिरविणे, अशी माझी समजूत होती. चाचांनी ती दूर केली. त्यांच्या मते क्रम असा : आधी दाब, मग ठिणगी, मग ठिणगीची वेळ, आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. पहिल्या तिन्हींत दोष असेल तर चौथ्याला कितीही फिरवा, उपयोग नाही.

जावाची ठिणगी सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. उजव्या बाजूच्या झाकणाखाली डायनामो आणि त्यापाशी सी.बी. पॉईंट असतात. हे पॉईंट जेव्हा उघडतात त्याच क्षणी कॉईलमधून प्लगला ठिणगी मिळते. पॉईंटच्या तोंडावरची काजळी बारीक पॉलिश पेपरने काढून, ते पूर्ण उघडलेले असताना त्यांतले अंतर फिलर गेजने ०.४ मि.मी. ठेवले. प्लगचे अंतर ०.६ मि.मी.

आता वेळ. पिस्टन अगदी माथ्यावर पोचल्यावर ठिणगी पडून चालत नाही, कारण मिश्रण पेटून दाब वाढावयास थोडा अवधी लागतो. म्हणून माथ्याच्या सुमारे तीन मि.मी. आधी ती पडावी लागते. हेड उघडेच होते, तेव्हा व्हर्निअरने पिस्टनचा माथा मोजला, पिस्टन तेवढा खाली घेतला, आणि पॉईंटच्या दोन बाजूंस सहा व्होल्टचा छोटा बल्ब जोडून स्विच चालू केला. पॉईंट मिटलेले असतात तोवर बल्ब विझलेला राहतो. उघडता क्षणी लागतो. बल्ब लागण्याची जागा आणि पिस्टनची ती तीन मि.मी.ची जागा एकच येईपर्यंत पॉईंटची पाटी सरकवीत राहावयाचे. हे काम संध्याकाळी करावे, म्हणजे बल्ब नीट दिसतो. मोठे बाबा टॉर्च धरून बसत आणि बल्ब लागला की "लागला" म्हणत. त्या चार संध्याकाळी आम्ही जितके बोललो तितके त्याआधी वर्षभरात बोललो नव्हतो.

माझी चूक

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी सुरू झाली. सातव्या किकला तिने निळा धूर सोडला आणि तो ओळखीचा आवाज आला. आजी ओसरीवरून उठून आली. मला वाटले, काम झाले.

मार्चच्या मध्यास, भर दुपारी, मी घरापासून जवळच्या रस्त्यावर तिची परीक्षा घ्यावयास निघालो. गाडी छान पळत होती. नेहमीपेक्षा जरा जास्तच हलकी पळत होती, हे मला आता कळते. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर आवाज एकाएकी कोरडा झाला, जोर कमी झाला आणि मागचे चाक घासत थांबू लागले. चाचांनी सांगून ठेवले होते म्हणून क्लच दाबला. नाहीतर मी रस्त्यावर पडलो असतो. इंजिन पकडले होते. गाडी ढकलत घरी आणली. मोठे बाबा काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो आणि तावातावाने सांगू लागलो : ऑइल तर मी उलट जास्त घातले होते, कार्बोरेटर हँडबुकाप्रमाणेच लावला होता, पिस्टनच हलका असला पाहिजे. त्यांनी मला मध्येच थांबविले. "पहिले प्लग काढून दाखव, मंग बोल."

प्लग मी खिशातच आणला होता, पण पाहिला मात्र नव्हता. त्याचे तोंड खडूसारखे पांढरे होते.

प्लगचे तोंड हे इंजिनाच्या आतल्या आगीचे टिपण असते. विटकरी किंवा बदामी रंग असेल तर मिश्रण योग्य. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त आणि उष्णता फार. पेट्रोल कमी पडण्याची तीन कारणे आम्ही शोधली आणि तिन्ही माझ्याच पदरची निघाली.

पहिले : क्रँकचे ऑइल सील मी जुनेच राहू दिले होते. दहा वर्षांत त्यांचे रबर कडक झाले होते आणि तेथून चोरटी हवा आत शिरत होती.

दुसरे : सुरक्षिततेसाठी म्हणून मी ऑइल दुपटीच्या आसपास घातले होते. जेटमधून ठराविक द्रवच जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा कमी होतो. म्हणजे जास्त ऑइल घालून मी मिश्रण आणखी पातळ केले होते. काळजीपोटी केलेली गोष्टच घातक ठरली.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. हँडबुक पन्नास वर्षांपूर्वीचे आणि पेट्रोल आजचे. २०२५ साली आपल्या पंपांवरील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेले. साधे पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ पटच पुरते, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. तेव्हा जुन्या जेटमधून हे मिश्र इंधन गेले की इंजिनाला ते पातळ पडते. हँडबुक चुकीचे नव्हते. ते ज्या इंधनाविषयी लिहिले होते ते इंधन आता नव्हते, आणि मी काळाचा संदर्भ सोडून त्यातील आकडा तेवढा उचलला होता. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत अशी चूक केली तर सर गुण कापतात. येथे पिस्टनच्या कडेवरचे ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीस लागले होते.

दुसऱ्यांदा

सिलिंडर लेथवर बोअर करून घ्यावा लागला. मूळ मापापेक्षा अर्धा मि.मी. मोठा पिस्टन पुण्याच्या नाना पेठेतून एका मित्राने शोधून पाठविला. पिस्टन आणि सिलिंडर यांमधील फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. ती कमी ठेवली तर इंजिन पुन्हा पकडते, जास्त ठेवली तर खडखडते. रिंग प्रथम सिलिंडरमध्ये नुसती बसवून तिच्या टोकांतली फट मोजली; ती पाव मि.मी.च्या आसपास हवी. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत बारीक पिना असतात. रिंगेची टोके त्या पिनांशीच आली पाहिजेत, नाहीतर ती छिद्रात अडकून मोडतात.

ऑइल सील नवे घातले. पेट्रोलची जुनी रबरी नळी इथेनॉलने फुगून मऊ झाली होती, ती बदलली. ऑइलचे प्रमाण पुन्हा पंचवीसास एक. कार्बोरेटरचा मुख्य जेट दोन नंबर मोठा घातला आणि सुई एक खाच वर घेतली. सुई वर घेतली की अर्ध्या रेसवर पेट्रोल जास्त मिळते.

यावेळी परीक्षा घेण्याची रीत वेगळी होती. सकाळच्या थंड वेळी निघावयाचे, दोन किलोमीटर जावयाचे, चालत्या गाडीचा स्विच बंद करून त्याच क्षणी क्लच दाबावयाचा आणि गाडी आपोआप थांबू द्यावयाची. मग प्लग काढून पाहावयाचा. इंजिन रिकामे फिरू दिले तर प्लगवरचा रंग बदलतो आणि खोटी साक्ष मिळते. पहिल्या दिवशी रंग काळसर आला, म्हणून सुई खाली घेऊन पाहिली. तेव्हा फिकट आला. जेट एक नंबर कमी करून सुई परत वरच्या खाचेत ठेवली. पाचव्या दिवशी विटकरी रंग आला. त्या दिवशी मी प्लग कागदात गुंडाळून चाचांना नेऊन दाखविला. ते चष्मा लावून पाहत राहिले आणि म्हणाले, "आता बोल."

कागदपत्रे

गाडी चालू झाली तरी कागदाशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही, हे अनेकजण विसरतात. माझ्या मार्चमधल्या सफरीविषयी तर जितके कमी बोलावे तितके बरे. आमची गाडी अकोल्याला नोंदलेली, कारण वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आबाजींनी नूतनीकरण वेळच्या वेळी केले होते; शेवटची मुदत २०१९ साली संपली. मालक हयात नसल्यास वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी नमुना ३१ आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ भरावा लागतो. त्याखेरीज विमा, धुराचे प्रमाणपत्र आणि जुन्या वाहनांवरचा पर्यावरण कर. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी विंटेज नोंदणीही सुरू केली आहे. तिची मुदत दहा वर्षे आणि नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. परंतु तशी गाडी रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही. आम्ही साधा मार्गच पत्करला. तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी सर्वप्रथम काय पाहिले असेल? मानेजवळचा तो नंबर. तारेचा ब्रश मारला असता तर सगळे श्रम तेथेच संपले असते.

समारोप

अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती. त्या दिवशी गाडी चालत होती, पण कागद हाती आले नव्हते. ते आषाढात आले. मुदतीचा विषय मात्र कोणी काढला नाही.

गाडी रंगवावयाची ठरली तेव्हा रंगारी टाकीच्या डाव्या बाजूचा पोचा पुटी भरून सपाट करणार होता. आजीने विचारले, "तो काहाले भरता? पुलावर पानी होतं तवा पडला तो." तिच्या बोलण्यावरून कळले की, बाबांना तापात नेले तीच ती रात्र. पोचा तसाच ठेवला आहे.

जुन्या गाड्याच चांगल्या, असे मला म्हणावयाचे नाही. टू-स्ट्रोक इंजिनातून काही मिश्रण न जळताच बाहेर जाते, धूर होतो, आणि या गाड्या मागे पडल्या त्याला सबळ कारणे होती. आम्हीही ती आठवड्यातून एकदाच बाहेर काढतो. मला सांगावयाचे ते एवढेच की, जुनी वस्तू असो वा जुना लेख असो, आपले मत मांडण्यापूर्वी ती स्वतः काय सांगते ते वाचावे. आणि ज्या काळात ती झाली तो काळ आणि आजचा काळ यांतला फरक मोजून घ्यावा. यातले काहीही चुकले तर तिला दोष देण्यात अर्थ नाही.

मागच्या महिन्यात गाडी सकाळी सुरू होईना. मी कार्बोरेटर उघडावयास पाना घेतला आणि "पेट्रोलच खराब असेल" असे काहीसे बोलू लागलो. मोठे बाबा गोठ्यातून आले आणि त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला.

"पहिले प्लग काढ," ते म्हणाले, "मंग बोल."